साबणाच्या डबीतली लॅब

फोन आला तेव्हा मी पेशी मोजत होते. जळगावच्या ज्या खासगी लॅबमध्ये मी काम करते, तिथे सकाळी दहा ते बारा मायक्रोस्कोपवरून डोकं वर काढायला फुरसत नसते. बाहेरच्या टेबलावरची मुलगी आत आली आणि म्हणाली, "मॅडम, सावद्याहून फोन होता. भास्करनाना गेले म्हणे. सकाळी चहा घेता घेता." मी मान हलवली. तोवर माझ्या त्रेसष्ट पेशी मोजून झाल्या होत्या. मी शंभर पूर्ण केल्या, रिपोर्ट लिहिला, सही केली, स्लाइडवरचं तेल पुसलं आणि मग उठले. भुसावळ, मग सावदा, अशा दोन एसटी बदलून पोचेपर्यंत त्यांना नेलंही होतं. आज सहा आठवडे झाले. डोळ्यातून टिपूस नाही. लोक म्हणतात, मालती खंबीर आहे. खंबीर कसली? आत काही हलतच नाहीये. पोळ्या लाटते, रिपोर्ट लिहिते, रात्री झोपही लागते मेली. आणि रोज सकाळी उठल्यावर आधी आठवतं ते एकच... नानांना सांगायचं राहिलं.

काय राहिलं, ते पुढे येईलच. आधी नाना.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धुळ्याच्या एका मोठ्या दवाखान्याच्या लॅबमध्ये मी नवी टेक्निशियन म्हणून लागले. बावीस वर्षांची, अंगाने काडी आणि जिभेला हाड नाही. नाना तिथले सर्वांत जुने टेक्निशियन. मूळ सावद्याचे, घरची केळीची बाग भावांवर सोपवून हे धुळ्यात रक्त काढत बसलेले. पहिल्याच दिवशी मी एका पेशंटचं बोट टोचलं, काचेवर थेंब घेतला आणि मग नाव विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात नानांनी माझ्या हातातली काच घेतली आणि सरळ बादलीत टाकली. "आधी नाव, मग सुई," ते म्हणाले. मी भडकले. म्हटलं, "नाना, समोर एकच तर माणूस बसलाय!" ते म्हणाले, "आज एक आहे. उद्या बाजार असेल. थेंब आला की सगळी बोटं सारखीच दिसतात, बाई." त्या पेशंटला दुसऱ्यांदा बोट द्यावं लागलं आणि त्याने शिव्या मला घातल्या. तेव्हापासून काचेच्या खरखरीत टोकावर पेन्सिलीने नाव लिहिल्याशिवाय मी सुईला हात लावला नाही. आजही लावत नाही.

नाना हसायचे कमी, पण खोड्या फार. मला राग आला की शेजारच्याला सांगायचे, "मालतीचं ब्लडप्रेशर घ्या रे, यंत्र तपासून होईल." डब्यात घरची केळी असायची, तीही मोजून सर्वांच्या वाट्याची. एखाद्या दिवशी मी डबा आणला नाही तर काही न बोलता त्यांच्या भाकरीतली अर्धी माझ्या टेबलावर यायची, वर तिखट ठेचा. मी नको म्हटलं तर म्हणायचे, "उपाशीपोटी हात थरथरतो. तुझ्यासाठी नाही, पेशंटसाठी खा."

त्यांच्या डोक्यात एका आजाराने घर केलं होतं. सिकलसेल. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, मुलांचे हातपाय सुजतात, हाडं ठणकतात. आई आणि बाप दोघांकडून वाकडं रक्त आलं तर आजार. एकाकडूनच आलं तर माणूस नुसता वाहक, तो शेतात राबतो, नाचतो, त्याला काही होत नाही. साक्रीच्या पश्चिमेला डोंगरातल्या गावांमधून असे पेशंट यायचे. पण येणार कसे? एका दिवसाची मजुरी बुडवून, दोन गाड्या बदलून. म्हणून तिकडून थर्मासात बर्फ घालून बाटल्या यायच्या, एसटीच्या कंडक्टरच्या पायाशी. धुळ्याला पोचेपर्यंत बर्फाचं पाणी, रक्ताचा चोथा. त्यातूनही एखादा रिपोर्ट निघालाच तर तो आठ-दहा दिवसांनी परत जायचा आणि तोवर माणूस ऊसतोडीला निघून गेलेला. एकदा असा एक गठ्ठा जसाच्या तसा परत आला. नानांनी तो गठ्ठा सोडून एकेक नाव वाचलं. मग म्हणाले, "माणसाने लॅबकडे यायचं, हेच चुकतंय. लॅबने माणसाकडे जायला पाहिजे."

मी म्हटलं, "कशी जाणार? बैलगाडीतून?"

"खिशातून," ते म्हणाले.

मला वाटलं, आता म्हातारा चळला. पण पुढच्या सोमवारी त्यांनी पिशवीतून एक साबणाची डबी काढली. गुलाबी, प्लास्टिकची, प्रवासात नेतात तसली. डबीचे दोन भाग वेगळे करून समोरासमोर ठेवले, दोन्हींत औषधाचं पाणी भरलं आणि मधे पुलासारखी एक काचेची स्लाइड टाकली. स्लाइडवर चायना ग्रासचा पातळ थर. होय, किराणा दुकानात खरवसासारखी गोड वडी करायला मिळतो तोच चायना ग्रास, सात पाण्यांनी धुतलेला. विजेसाठी केळीच्या बागेतून आणलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा, त्यात एकामागे एक टॉर्चचे सेल ठासलेले. पाण्यात बुडवायच्या कांड्याही संपलेल्या सेलच्या पोटातून काढलेल्या. थरात ब्लेडने बारीक चीर पाडायची, त्यात टाचणीच्या टोकाएवढं रक्त सोडायचं आणि वीज चालू करायची. चांगलं रक्त पुढे पळतं, वाकडं रक्त मागे रेंगाळतं. तासाभरात नुसत्या डोळ्यांना दिसायचं. पुढे एकच तांबूस रेघ, माणूस ठणठणीत. मागे एकच रेघ, आजार. दोन्हीकडे एकेक रेघ, वाहक. जे काम करायला आमच्या लॅबमध्ये टेबलभर यंत्र होतं, ते नानांनी हाताच्या पंजावर आणून ठेवलं होतं.

त्यांच्या बायकोची, शकुंतला अक्कांची, तक्रार एकच होती. मी घरी गेले की त्या म्हणायच्या, "पाहा वं माय, घरात साबण फरशीवर लोळतोय आन् डबीत रगत! ही कोणती रीत?" नाना म्हणायचे, "साबणाने वरचा मळ निघतो. आतलं कोण पाहणार?" अक्का कपाळावर हात मारायच्या आणि पुढच्या बाजाराला नवी डबी आणायच्या. तीही नाना पळवायचे. अशा चार डब्या झाल्या.

वर्षभर त्यांनी प्रत्येक पेशंटचं रक्त दोन्हीकडे लावलं, मोठ्या यंत्रावर आणि डबीत. दोन्हींचं उत्तर एकच येई. मग आमचे मोठे डॉक्टर एकदाचे म्हणाले, "बरं, जा. पण लेखी काही देऊ नका, तोंडी सांगा." आणि आम्ही निघालो. आठवड्यातून एकदा, साक्रीच्या पुढच्या एका गावच्या बाजारात. शाळेच्या ओट्यावर चटई टाकायची, नाना डब्या घेऊन एका टोकाला, मी सुई घेऊन दुसऱ्या टोकाला. बाजारात मिरच्या घ्यायला आलेली माणसं बोट टोचून घ्यायची, बाजार करायची आणि जाताना उत्तर ऐकून जायची. तेवढ्या एका गोष्टीने नाना दहा वर्षांनी लहान झाले होते. परतीच्या एसटीत एकदा मला म्हणाले, "आपण केळीला ठिबकने पाणी द्यायला लागलो ना, तेव्हा माझा बाप हसला होता. एवढ्याशा थेंबाने काय होतं म्हणे. झाडाला पाट लागत नाही, मालती. मुळाशी थेंब पोचला की बास." मी खिडकीतून बाहेर बघत भुईमुगाच्या शेंगा खात होते. आयुष्यातले तेच दिवस चांगले होते, हे तेव्हा कळायला हवं होतं.

आता ते.

थंडीतला बाजार होता. गर्दी एवढी की ओट्यावर पाय ठेवायला जागा नाही. पाचची गाडी चुकली तर दुसरी नव्हती. एक बाई चार वर्षांची मुलगी घेऊन समोर बसली. मुलीचे दोन्ही पंजे सुजलेले. मी नाव विचारलं, काचेवर लिहिलं, सकू. आधी नाव. मग सुई काढली तर त्या पोरीने असा आकांत मांडला की बाजार वळून बघायला लागला. मी हात धरला, तिने चावा घेतला. आईने तिला पदराखाली ओढलं आणि स्वतःचं बोट माझ्यापुढे केलं. "पोर रडस, बाई. मनं बोट टोच. रगत ते एकच शे ना बठ्ठं."

त्या भागात सगळ्या आया असंच म्हणायच्या, सगळं रक्त एकच. मुलाला कडू औषध असलं तर आधी आई चाटणार, सुई असली तर आधी आई हात पुढे करणार. एरवी मी त्यांना समजावत बसायचे, अहो, तुमचं वेगळं, तिचं वेगळं. त्या दिवशी बसले नाही. मी त्या बाईचं बोट टोचलं. मनाशी म्हटलं, पोर जरा शांत झाली की तिचं घेऊ, ही काच बाजूला ठेवू. सकू लिहिलेल्या त्याच काचेवर थेंब घेतला, ती चटईवर ठेवली, आणि पुढचा माणूस आला, आणि त्याच्या पुढचा... नानांनी हात लांब करून ती काच उचलली. त्यावर नाव होतं ना. नाव असलेली काच म्हणजे पक्की काच. मी पाहिलं होतं का उचलताना? पाहिलं होतं. हे मी इतकी वर्षं स्वतःलाही सांगितलं नाही. पाहिलं होतं, आणि साडेतीन वाजले होते.

दोन रेघा आल्या. आईच्या रक्तात त्याच येणार होत्या. नानांनी त्या बाईला समोर बसवून सांगितलं, "पोरीला आजार नाही. नुसती वाहक आहे. सूज दुसऱ्या कशाने असेल, घाबरू नको." बाई नानांच्या पाया पडली. मी सामान भरत होते.

पावसाळ्याच्या तोंडाशी सकूला धुळ्याला आणलं. पोट फुगलेलं, डोळे पिवळे. तिच्या बापाने गावाजवळच्या डॉक्टरला सांगितलं होतं, आमची तपासणी झालीय, आजार नाही. म्हणून त्याने महिनोन्महिने भलतीच औषधं दिली होती. आमच्या यंत्रावर तिचं रक्त लावलं. मागे एकच रेघ. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. तिची आई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडे बघत होती. ओळखलं असेल का मला, कोण जाणे. मी पाण्याचा तांब्या तिच्याजवळ ठेवून आत गेले.

मोठ्या डॉक्टरांनी नानांना बोलावलं. मी दाराबाहेर फाइल घेऊन उभी. आतून आवाज येत होता. "खेळणी आहेत का ही? साबणाच्या डबीत निदान करता?" नाना म्हणाले, "काच चुकली साहेब. काचेची जबाबदारी माझी." एकदाही म्हणाले नाहीत की सॅम्पल मालतीने घेतलं होतं. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. कागद त्याच टेबलावर होते, त्याच आठवड्यात सही व्हायची होती. मी एक पाऊल आत टाकलं असतं तर... नाही टाकलं. नाना बाहेर आले, माझ्याकडे पाहून म्हणाले, "जेवलीस का?" आणि पुढे गेले.

बाजार बंद झाला. डब्या कपाटात गेल्या. दोन वर्षांनी नानांनी वेळेआधीच निवृत्ती घेतली आणि सावद्याला बागेत जाऊन राहिले. मी जळगावला आले. वर्षातून एकदा-दोनदा भेट व्हायची, लग्नकार्यात, नाहीतर केळीच्या हंगामात. दर वेळी ठरवून जायचे की आज सांगायचं. दर वेळी अक्का ताट वाढायच्या, नाना विषय काढायचे नाहीत, आणि मी, एरवी चुरुचुरु बोलणारी, केळीची फणी घेऊन परत यायचे.

शेवटची भेट मागच्या उन्हाळ्यातली. नाना ओट्यावर बसले होते, हातात कुठल्याशा विज्ञानाच्या मासिकातला कागद. त्यांच्या पुतण्याने पुण्याहून पाठवलेला. "हे बघ," म्हणाले, "परदेशात आता नखाएवढ्या काचेवर केसाएवढ्या नाल्या कोरतात. थेंब इकडून घालायचा, तपासणी आतल्या आत, उत्तर तिकडून बाहेर. अख्खी लॅब चिपवर. ठिबकच की गं!" डोळे अगदी तेव्हासारखे चमकत होते. मी म्हटलं, "नाना, तुम्ही हे साबणाच्या डबीत केलं होतं." त्यांनी कागदाची घडी केली. "त्यांचं चुकत नसेल," म्हणाले. "माझं कुठे चुकलं ते मला कळलंच नाही, मालती."

ती वेळ होती. याहून सरळ वेळ देवानेही दिली नसती. ओट्यावर आम्ही दोघंच. मी म्हटलं, "जाऊ द्या ना नाना, झालं ते झालं." आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले. त्यांनी पिशवीत केळीची फणी घातली. काठी टेकत फाटकापर्यंत आले.

तेराव्याला सावद्याला गेले. जेवणं उरकल्यावर अक्का मला विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत घेऊन गेल्या. "तुझ्या कामाचं असेल तर पाहा, नाहीतर भंगारात जाईल," म्हणाल्या. खोलीत एक टेबल, पीव्हीसीचा तो पाइप, गुलाबी डबी. आणि भिंतीच्या फळीवर स्लाइडचे खोके, एकावर एक, छताला टेकलेले. मी एक उघडलं. वाळलेल्या प्रत्येक काचेवर पेन्सिलीने एकच नाव. भास्कर. खाली तारीख. दुसरं उघडलं. भास्कर. तिसरं... "दर रविवारी स्वतःचं बोट टोचायचे," अक्का म्हणाल्या. "मी म्हणायची, अहो, कशाला छळता त्या बोटाला? तर म्हणायचे, एका रेघेच्या दोन कधी होतात ते पाहायचंय. एकदा तरी होऊ दे, म्हणजे चूक सापडली."

इतक्या वर्षांचे रविवार मी उजेडात धरून पाहिले. सगळीकडे पुढे एकच रेघ. सरळ, स्वच्छ. काच एकदाही चुकली नव्हती. चुकलीच नव्हती तर सापडणार काय?

डबीच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवलेला होता. नानांच्या अक्षरातली, पेन्सिलीने लिहिलेली यादी. पाणी, त्यावर काट. चायना ग्रास, काट. सेल, काट. कांड्या, काट. माझे डोळे, काट, आणि कंसात "नवा चष्मा लावूनही पाहिलं." सर्वांत खाली लिहिलं होतं, सॅम्पल. त्यावरही काट, आणि पुढे, "मालतीने घेतलं. तपासायची गरज नाही."

मी तिथेच अक्कांना सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात, सकूच्या आईच्या बोटापासून दाराबाहेरच्या फाइलपर्यंत. अक्का विहिरीकडे बघत ऐकत होत्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "त्याहिले का नाही सांगितलं गं?" त्यांनी डबी उचलून माझ्या पिशवीत घातली, जशी नाना केळीची फणी घालायचे तशी, आणि म्हणाल्या, "घेऊन जा. मला साबणाला नको आता."

डबी आता माझ्या घरी, खिडकीतल्या फळीवर आहे. हे माझ्या नावाने छापून आल्यावर लोक विचारतील, लॅबमध्येही विचारतील, विचारू देत. काल रविवार होता. मी एक कोरी काच घेतली, पेन्सिलीला टोक केलं. आधी नाव लिहिलं, मालती. मग बोट टोचलं. तासाभराने एकच रेघ आली, पुढे, जिथे यायची तिथे. मग झाकण उघडून त्या यादीतल्या शेवटच्या ओळीवरची काट मी रबराने खोडली. कागद जुना, जरा फाटलाच. शेजारच्या जागेत लिहिलं, "नाना, इथे चुकलं. थेंब आईचा होता." लिहून झाल्यावर पाहिलं तर दुसऱ्या वाक्याची अक्षरं वेडीवाकडी आली होती. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं.